बारावा कप

"मावशी, आधी बूड बघा, मग बोला," म्हणत हातगाडीवाल्याने खोकं तिच्या फळीवर टेकवलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कप सोडवून उलटा धरला. बुडाशी हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका होता. "तुमचीच खूण ना? म्हणून कुणाला न दाखवता सरळ इकडे आलो."

टाकेवालीने हातातली तार खाली ठेवली. ठिपका तिचाच होता.

जुन्या वस्तूंच्या त्या बाजारात प्रत्येकाची आपली खूण होती. घड्याळवाला मागच्या झाकणाच्या आत दोन रेघा ओढायचा, समोरचा चमचेवाला लाल रंगाची फुली मारायचा, आणि टाकेवाली लेकीच्या उरलेल्या बाटलीतला हिरवा ठिपका लावायची. विकलेली वस्तू पुढे कधी बाजारात परत आली, तर ज्याची खूण त्याचा पहिला हात. हे कुणी कुठे लिहून ठेवलं नव्हतं, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. दुसरा रिवाज असा, की माल कुठून आला हे विचारायचं नाही. विचारायची गरजही नसायची. माणूस जिवंतपणी आपले कप वर्तमानपत्रात गुंडाळून हातगाडीवर चढवत नाही.

"घर कुठलं रे?" तिने विचारलं.

"मावशी, तुम्हीच विचारताय?"

"विचारतेय."

तो घुटमळला. "तिसरा मजला. म्हातारे एकटेच राहायचे. पुतण्या किल्ली घेऊन आला, म्हणाला, दुपारपर्यंत सगळं हलवा. हे बघा, हेही त्याच खोक्यात होतं." आणि त्याने खिशातून सहा इंची पितळी पट्टी काढली. कडा झिजलेल्या, आकडे अर्धेमुर्धे पुसलेले.

पट्टी पाहिल्यावर विचारण्यासारखं काही उरलं नाही.

"घेताय ना?"

"तू म्हणशील त्या भावाने."

हातगाडीवाला चपापला. या बाईने आजवर त्याला घासाघीस केल्याशिवाय सोडलं नव्हतं. आज त्याचीच जीभ अडखळली. म्हणायचं होतं त्यापेक्षा कमीच सांगून तो निघून गेला.

टाकेवालीचा धंदा म्हटलं तर फुटलेल्याचा. तडकलेल्या कपाच्या, बशीच्या चिरेला दोन्ही बाजूंनी दोऱ्याएवढी भोकं पाडायची आणि पितळी तारेचे टाके घालायचे. बापाकडून शिकलेली विद्या. नवरा लवकर गेला. त्याच्याबद्दल तक्रार करावी इतका वेळही तो टिकला नाही. लेक दूर दिली होती. फोनवर म्हणायची, "आई, हल्ली पाच मिनिटांत चिकटतं असा गोंद मिळतो. कोण टाके घालून घेतंय?" टाकेवाली म्हणायची, "तेच ना गं, कोण घेतंय," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चष्मा पुसून बसायची. नव्या टाक्यांना गिऱ्हाईक उरलं नाही तशी तिने जुने कप, बश्या, किटल्या विकायला ठेवल्या. आठवडाभर तिचं बोलणं म्हणजे "किती?" आणि "परवडत नाही" एवढंच. रविवार सोडून.

रविवारी मोजणीदार यायचे.

अकरा वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा आले तेव्हा हातात रुमालाची पुरचुंडी होती. तिच्यात कपाचे तीन तुकडे. पांढऱ्यावर निळी वेल, काठाला बारीक रेघ. एके काळी घराघरांत असायचा तसला कप, पण बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता.

"बारा होते," ते म्हणाले. "हिच्या हातून अकरा फुटले. चाळीस वर्षांत अकरा म्हणजे काही वाईट सरासरी नाही. प्रत्येक वेळी मी हसायचो. ही गेली आणि महिन्याभरात उरलेला एक माझ्या हातून फुटला. आता हसणार कोण?"

टाकेवालीने तुकडे जुळवले. सात टाके पडले. ठिपका वाळेपर्यंत थांबा, म्हणून तिने घडीचं स्टूल पुढे केलं. ते बसले आणि फळीवरच्या बश्यांना पट्टी लावून मोजत राहिले.

"जमीन मोजायचो," ते ओशाळून म्हणाले. "सवय जात नाही."

"मोजा की. बशीवर कोण भांडायला येतंय हद्दीसाठी?"

मग ते दर रविवारी यायला लागले. निळ्या वेलीचे बारा कप पुन्हा पुरे करायचे, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं आणि ते शोधायचं काम तिच्यावर सोपवलं होतं. कप सावकाश मिळत गेले. कधी एखाद्या हॉटेलच्या अडगळीतून, कधी एखाद्या बंद घरातून. मिळाला की मोजणीदार त्याची उंची मोजायचे, तोंड मोजायचे, "बरोबर आहे" म्हणायचे. कप पिशवीत गेल्यावरही उठायचे नाहीत. सोबत थर्मास आणि स्टीलचे दोन पेले आणायचे. कपांच्या शोधात निघालेल्या त्या माणसाबरोबर टाकेवालीने अकरा वर्षांत कपातून चहा असा प्यायलाच नाही.

अकराच्या सुमाराला डावीकडून ऊन यायचं. ती पायाने स्टूल ताडपत्रीखाली सरकवायची. ते बोलणं न थांबवता जरासे उठायचे आणि पुन्हा बसायचे.

समोरून चमचेवाला ओरडायचा, "मोजणीदार, आमचेही चमचे मोजून द्या, एक कमी येतोय."

"तो तुमच्या तोंडात असेल," टाकेवाली म्हणायची. मोजणीदार पेल्यात तोंड घालून हसायचे.

अकरा कप व्हायला पाच वर्षं लागली. आणि सहाव्या वर्षी, लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांच्या पेटीत तिला बारावा सापडला. साधी चिरही नाही. तिने तो धुतला, पुसला, फळीवर मधोमध मांडला. त्या दिवशी तिने केसही नीट विंचरले होते. मोजणीदार उशिरा आले, सर्दीने हैराण, टेकता टेकता म्हणाले, "बसस्टॉपपासून चालताना दम लागतो आता. एकदा बारा झाले की सुटलो बघा. माझीही सुटी, तुमचीही."

फळीकडे त्यांचं लक्ष गेलं नव्हतं. ते नाक पुसत होते. तेवढ्या वेळात टाकेवालीचा हात पुढे झाला आणि कप फळीखालच्या पत्र्याच्या पेटीत गेला.

"आला का आपला बारावा?" त्यांनी विचारलं.

"नाही हो अजून."

पुढच्या रविवारी द्यायचा, असं तिने ठरवलं. पुढच्या रविवारी वाटलं, सर्दी बरी होऊ दे. मग पावसाळा संपू दे. असे किती पावसाळे संपले. खोटं पहिल्यांदा बोलताना तिला घाम फुटला होता. नंतर ते "बसा" म्हणण्यासारखं झालं. "आला का बारावा?" "नाही हो अजून." "असू दे, घाई कसली." आणि थर्मासचं झाकण उघडायचं.

गेले तीन रविवार ते आले नव्हते. आज सकाळीच चमचेवाल्याने टोमणा मारला होता, "बाई, तुमचे मोजणीदार कुणाच्या बश्या मोजायला गेले?" आणि तिने उत्तर दिलं होतं, "तुम्हाला काय, तुमचा तर एक चमचा कमीच आहे." तेव्हा खोकं आलं नव्हतं.

आता तिने पेटी ओढली आणि सहा वर्षं फडक्यात गुंडाळलेला कप बाहेर काढला. तिला एवढंच कळत होतं, की एका म्हाताऱ्या माणसाची एकच इच्छा होती, ती तिच्या पायाशी पत्र्याच्या पेटीत पडून होती, आणि तिने ती दिली नाही. रविवार जाऊ नये म्हणून. निदान आता तरी बारा एकत्र लावावेत. उशिरा का होईना, मांडावेत.

ती एकेक कप सोडवायला लागली. सात टाक्यांचा पहिला. मग दुसरा, तिसरा. मोजणीदारांनी प्रत्येक कप वेगळ्या कागदात, कोपरे दुमडून गुंडाळला होता. अकरा झाले. तिने आपला कप त्यांच्या शेजारी ठेवला, आणि खोक्याच्या तळाशी अजून एक पुडकं दिसलं.

तिला वाटलं, बशी असेल. सोडवलं तर निळी वेल होती, काठाला बारीक रेघ.

तिने पुन्हा मोजलं. आपला धरून तेरा. चष्मा पुसून पुन्हा मोजलं. तेराच. मग पितळी पट्टी घेऊन त्या शेवटच्या कपाची उंची मोजली, तोंड मोजलं. बरोबर होतं. कप उलटा केला. हिरवा ठिपका नव्हता. बुडाशी लाल फुली होती.

ती कप घेऊन रस्ता ओलांडून गेली. चमचेवाला काटे-चमचे चिंध्यांनी पुसत बसला होता. तिच्या हातातला कप पाहून त्याने चिंधी खाली ठेवली आणि तिच्या फळीवरच्या उघड्या खोक्याकडे पाहिलं.

"गेले?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली. कप त्याच्यापुढे धरला. "हा कधी विकलात?"

"झाली चार वर्षं." तो खाली बघत राहिला. "चमच्यांच्या गठ्ठ्यात एकटाच आला होता. मी आपला समोर ठेवून दिला. ते तुमच्याकडून निघाले होते, जाता जाता दिसला. मोजला, घेतला, पैसे दिले. मी म्हटलं, चला, बाईंना ओरडून सांगतो. तर माझा हात धरला हो त्यांनी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, नका सांगू. त्या इतक्या मनापासून शोधतायत, त्यांचा हिरमोड होईल." चमचेवाल्याने घसा खाकरला. "मला काय वाटायचं ते वाटलं. पुढच्या रविवारी आले, तुम्हाला विचारलं, 'आला का बारावा?' मी इथून ऐकतोय."

"आणि चार वर्षं तुम्ही गप्प?"

"मी चमचे विकतो, बाई. चुगल्या नाही."

सहा वर्षं ती म्हणत आली होती, नाही हो अजून. आणि त्यातली चार वर्षं ते घरी बारा कप ठेवून येत होते, बसस्टॉपपासून चालत, दम खात, थर्मास सांभाळत. असू दे, घाई कसली, म्हणायला.

"पाणी देऊ?" चमचेवाल्याने विचारलं.

"नको." मग थोडं थांबून ती म्हणाली, "बसस्टॉपपर्यंत मी कधी सोडायलासुद्धा गेले नाही. फळी उघडी टाकून कुठे जायचं, म्हणून."

"मी बघितली असती की फळी."

"हो ना," ती म्हणाली. "तेही सुचलं नाही."

पुढच्या रविवारी तिने निळ्या वेलीचे कप फळीवर दोन ओळींत मांडले. पुढे सहा, मागे पाच. सात टाक्यांचा मधोमध. उरलेले दोन, एक लाल फुलीचा आणि एक कुठलीच खूण नसलेला, एकाच फडक्यात गुंडाळून तिने खालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवले होते. एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मध्ये पितळी पट्टी.

साडेदहाच्या सुमाराला एक बाई थांबली. घर नवं असावं, खांद्यावरच्या पिशवीतून पडद्यांचे नमुने डोकावत होते. तिने एक कप उचलला, उन्हात धरला.

"काय सुंदर आहेत. पूर्ण सेट आहे ना? बारा?"

समोर चमचेवाल्याचा हात थांबला.

"अकरा," टाकेवाली म्हणाली. "एक कमी आहे."

"अरेरे. मिळेल का कुठे बारावा?"

"शोधतेय."

बाई जरा रेंगाळली, कप होता तिथे ठेवला, आणि येते पुन्हा म्हणून पुढे गेली. टाकेवालीने तो कप ओळीत सरळ केला. डावीकडून ऊन आलं होतं. बोटाएवढ्या तुकड्यावर वाकून ती तार ओवत होती. मान वर न करता तिने पाय लांब केला आणि रिकामं स्टूल ताडपत्रीखाली सरकवलं.