धूर पिणारी झारी

शिरोली एमआयडीसीतल्या विजयसिंहांच्या फाउंड्रीत त्या सकाळी भट्टीपेक्षा गर्दीच जास्त तापली होती. ताम्रानंद महाराजांनी तांब्याची झारी उलटी करून दाखवली. थेंब नाही! मग भट्टीच्या धुराची नळी तिच्या तोंडात धरून त्यांनी डोळे मिटले.

"कार्बन डायऑक्साइड म्हणजे शापित जीव, बाळांनो. तांबं शिवलं की मुक्ती! ओम् क्वांटमाय नमः!"

चोचीतून थेंब गळले. काडी लावताच निळी ज्योत उठली. बायकांनी हात जोडले, पुरुषांनी मोबाइल वर केले.

"धुराचं स्पिरिट झालं की वो!" विजयसिंह गहिवरले. "आकाराम, ते धूर ओढायचं मशीन काढ. नुसती वीज खातंय."

वीस वर्षं साचे भरून खोकणाऱ्या आकारामनं एक बोल्ट सैल केला आणि थांबला. "मालक, मशीन गेलं तर माझ्या छातीचं काय?"

"महाराज हाईत की!"

आकारामचा डबा घेऊन आलेली त्याची मुलगी अनुजा पुढं झाली. तांब्याच्या मदतीनं कार्बन डायऑक्साइडचं स्पिरिट करण्यावर ती विद्यापीठात संशोधन करते. "तांब्यानं हे घडतं, खरं हाय. पण पाणी लागतं, वीज लागते, तांब्याचा पृष्ठभाग नेमका घडवावा लागतो. दिवसभर राबून आम्हाला थेंबभर मिळतं. तुमची वीज कुठं हाय, महाराज?"

"आत्म्यात."

"किती व्होल्टची?"

महाराज शाप शोधत होते, तेवढ्यात आकारामनं झारी ओढून हातोडीनं हळूच वाजवली. ठप्प.

"दुपदरी हाय, मालक. मधी पोकळ."

आवाजावरून कास्टिंगमधली पोकळी ओळखणाऱ्या पन्नास माणसांपैकी एकानंही ही झारी ठोकली नव्हती. तिला कुंकू लावलं होतं ना!

अनुजानं मुठीवरचं बारीक भोक दाखवलं. "दोन भिंतींमधी स्पिरिट भरलंय. भोकावर अंगठा दाबला की हवा आत जात न्हाय, स्पिरिट अडतं. आता बघा." तिनं झारी कलती करून अंगठा उचलला. धुराशिवायच थेंब गळले.

महाराजांना एकदम हातकणंगल्याची गाडी आठवली आणि ते झारी तिथंच टाकून निघाले.

"मग खरी झारी कधी यायची, पोरी?" विजयसिंह ओशाळून म्हणाले.

"काम चालू हाय, काका. तवर मशीन चालू ठेवा."

मालकांनी स्वतः बोल्ट आवळून बटण दाबलं. आकारामनं डबा उघडला.

मंडळी, तांब्याचं सामर्थ्य खरं आहे. ते कष्टानं आणि मोजमापानं हाती येतं. कुणी ते मंत्रानं देऊ लागला, तर हात जोडण्याआधी प्रश्न विचारा. उत्तर असलेला माणूस चिडत नाही.