बिननंबरी डाक्टर

"पळ, भुजंगा! मंठ्याहून जीप आली. बोगस डाक्टर धरून राह्यलेत!"

शेजारच्या कडूबानं रामरावच्या घराच्या दारातूनच सांगितलं. आत्ताच भुजंगनं रामरावला तापाची सुई टोचली होती. ती धुवायचंही त्याला सुचलं नाही. पिशवी काखेत मारून तो मागच्या दारानं निसटला आणि रामरावच्याच कपाशीत घुसला.

भाद्रपदातलं काळं रान. दोन दिवसांच्या झडीनं चपलांना शेरशेर चिखल लागत होता. त्यानं चपला तिथंच सोडल्या आणि कंबरेएवढ्या पऱ्हाटीत दडून बसला. जीपचा आवाज आता येत नव्हता, तरी कानात तोच घुमत होता.

अकरा वर्षं तो तालुक्याच्या गावी, मंठ्याला, एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होता. डॉक्टर वारले, दवाखाना बंद पडला, आणि भुजंग गावी येऊन सुया टोचायला लागला. लोकच त्याला डाक्टर म्हणायला लागले. त्यानं नाही म्हटलं नाही. सरकारी नोंदणीचा नंबर मात्र त्याच्याकडं नव्हता. मागच्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या अशाच एकाला बेड्या घालून नेलं होतं. त्याची बायको रडत जीपमागं शिवेपर्यंत धावली, असं लोक सांगत होते.

"डाक्टर! ओ डाक्टर! कुठं हायेस रे?"

रामरावची बायको, केशरबाई. बांधावरून हाका मारत येत होती. भुजंग आणखी खाली दबला. जीपवाल्यांनीच तिला पुढं धाडलं असेल, असं त्याला वाटलं.

"मालकाच्या अंगावर गांधी उठल्या रे! व्हट सुजले. दम घेता येईना!"

रामरावला दिलेली सुई पेनिसिलीनची होती. मंठ्याचे डॉक्टर हे इंजेक्शन देण्याआधी कातडीत थेंबभर टोचायचे आणि वाट बघायचे. एखाद्याला ते सोसत नाही, घटकाभरात माणूस जातो, हे त्यांनी भुजंगला दहादा बजावलं होतं. गावात आल्यापासून भुजंगनं ती टेस्ट कधी घेतलीच नव्हती. आजवर निभावलं होतं. त्यानं पिशवी उपसली. उताऱ्याचं औषध त्यात नव्हतं. ते असलंच तर धाडीच्या जीपमधल्या सरकारी डॉक्टरांकडं.

तो उठून उभा राहिला. "मामी, जल्दी घरी जा. त्यांला आडवं करा, पाय उशीवर घ्या. उठू देऊ नका बिलकुल."

"आन् तू?"

भुजंग अनवाणी पळत सुटला होता. चावडी दिसली. जीपपाशी दोन पोलीस बिडी ओढत होते. डाव्या हाताला ओढ्याची वाट मोकळी होती. त्या वाटेनं गेला असता तर कुणाला दिसलाही नसता. तो थांबला, तिकडं बघितलं, आणि जीपकडं वळून ओरडला, "सायेब! माणूस मरून राह्यला! पेनिसिलीन दिलंय, टेस्ट न्हाई घेतली!"

जीपमधले सरकारी डॉक्टर पेटी घेऊनच खाली उतरले. "कुणी दिलं?"

"म्या."

घरी पोचताच डॉक्टरांनी रामरावच्या मांडीत उताऱ्याची सुई दिली. भुजंग भिंतीला टेकून त्याच्या छातीकडं बघत होता. दोन्ही बाजूला पोलीस होते, पण त्याला त्यांची शुद्ध नव्हती. बऱ्याच वेळानं रामरावनं खोल दम घेतला, मग दुसरा.

रामरावला दवाखान्यात न्यायचं म्हणून जीपमध्ये आडवं निजवलं. त्याच जीपमध्ये, त्याच्या पायाशी, भुजंगला बसवलं. तेव्हा केशरबाई डॉक्टरांना आडवी झाली.

"सायेब, त्याला सोडा. आमचा डाक्टर हाये त्यो."

"बाई, त्याच्याच सुईनं तुमचे मालक मरत होते."

"मंग तुमी येता का रोज? उद्या कुणाला ताप आला तर जावं कुठं?"

डॉक्टर जीपकडं वळले. ते पुढं जाऊन बसले. भुजंगनं हात मांड्यांखाली दाबले.

"मामी," तो म्हणाला, "म्या डाक्टर न्हाई."

केशरबाईनं त्याच्याकडं बघितलं. तिचे डोळे भरून आले.

"असं काहून म्हणतूस रे, डाक्टर?"