छप्पर बसलं तर

नकाशे काढायच्या कचेरीत साहेबांना सगळे 'मिलिमीटर' म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे, कारण साहेबांना ते मनापासून आवडायचं. एकदा म्हणे त्यांनी अख्ख्या पुलाचा नकाशा परत पाठवला होता. का, तर एक रेघ पेन्सिलीच्या टोकाइतकी सरकली होती. असा माणूस निवृत्त झाल्यावर करणार काय, याची काळजी कचेरीपेक्षा त्यांच्या बायकोला जास्त होती. ती घरातच, मागच्या खोलीत शिवणकाम करायची आणि सगळी गल्ली तिला काकू म्हणायची. दिवसभर मशीनशेजारी एक रिकामा मिलिमीटर येऊन बसला, तर शिलाई सरळ कशी यायची?

पण साहेबांनी घर बांधायला घेतलं. राहतं घरच, पण टेबलावर मावेल एवढं. एका फुटाला अर्धा इंच, हे प्रमाण ठरलं. जाड पुठ्ठा आला, पात्यांची पाकिटं आली, चिमटे आले, गोंदाच्या बाटल्या आल्या. जेवायच्या टेबलाचा निम्मा भाग साहेबांनी बळकावला आणि उरलेल्या निम्म्यावर दोघं कोपरं सांभाळत जेवू लागली. काकूंनी निम्म्याच्या पुढे एक बोट सरकू दिलं नाही, म्हणून घर दोन तुकड्यांत करायचं ठरलं. आधी पुढच्या दोन खोल्या एका फळीवर, मग स्वयंपाकघर आणि शिवणाची खोली दुसऱ्या फळीवर. शेवटी दोन्ही जोडायचे आणि वर एकच अखंड छप्पर, डब्याच्या झाकणासारखं, उचलून आत बघता येईल असं.

नाही म्हटलं तरी काकू त्या घरात हळूहळू गुंतत गेल्या. नव्या शर्टाच्या कॉलरमधून निघणाऱ्या पारदर्शक पट्ट्या त्या साठवू लागल्या. त्यातून खिडक्यांच्या काचा झाल्या. आइसक्रीमच्या काड्या तासून दारं झाली, टाचणीचं डोकं दाराची मूठ झालं, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातून विजेची बटणं निघाली. मोरीच्या भिंतीवर ओल आली होती, तीसुद्धा साहेबांनी पातळ चहात ब्रश बुडवून काढली.

"ओल कशाला काढता? निदान या घरात तरी भिंत कोरडी असू दे," काकू म्हणाल्या.

"जे आहे ते आहे," साहेब म्हणाले. "खोटं घर करायचं तर मग बाहुलीचंच केलं असतं."

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग हिवाळ्यात एक दिवस साहेब केस कापायला गेले आणि परत येताना स्वतःच्या फाटकावरून पुढे निघून गेले. कोपऱ्यावर उभे राहिले, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहत. पेपरवाल्याने हाताला धरून आणलं. "साहेब जरा विचारात होते," तो भला माणूस म्हणाला. काकूंनी मान डोलावली. त्यानंतर रिकामी किटली गॅसवर जळली. त्यानंतर परगावी असलेल्या लेकीला साहेबांनी फोनवर दोनदा स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारली आणि ती बहीण जाऊन तर कितीतरी वर्षं झाली होती.

लेक पुढच्या सुट्टीला आली ती कंबर कसूनच. बॅगही न ठेवता म्हणाली, "बाबा, मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं."

"माझा मेंदू कचेरीत कोणाला सापडला नाही, त्यांना कुठे सापडणार?"

"बाबा, थट्टा नको."

"हे बघ." साहेबांनी हातातली पट्टी खाली ठेवली. त्यांचा आवाज एकदम बसका झाला. "डोकं बिघडलेल्या माणसाला असलं काम जमेल का? शेकडो तुकडे आहेत यात. एकाचं माप चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. मी सांगतो, घर जोडून छप्पर बसलं तर डॉक्टरचं नाव काढायचं नाही. नाही बसलं, तर म्हणशील त्या डॉक्टरपुढे जीभ बाहेर काढून बसेन."

"आणि हे ठरवायचं कोणी?"

"छप्पर ठरवेल."

लेकीने आईकडे पाहिलं. काकू सुईत दोरा ओवत होत्या. त्यांनी तो ओवत राहणंच पसंत केलं. नवरा पैजेत सगळं आयुष्य लावून बसला होता आणि त्या दिवसापासून काकूंना कळेना की छप्पर बसावं म्हणून प्रार्थना करायची की बसू नये म्हणून.

पुढचा भाग तेव्हा झालाच होता. मागच्या भागाची मापं घ्यायची वेळ आली आणि साहेबांची स्टीलची टेप सापडेना. सगळं घर उलटंपालटं झालं. शेवटी ते मशीनपाशी आले आणि काकूंच्या गळ्यातल्या टेपकडे बोट केलं.

"ती दे जरा."

"ही नको हो. ही जुनी आहे, ताणलीय. साठ इंचांत एक इंचाची तरी थाप मारते. ड्रॉवरमध्ये कोरी आहे, ती घ्या."

साहेब कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "ताणलीय? आणि तिच्यावर तू माझ्या पँटी शिवतेस? तरीच म्हटलं, इतकी वर्षं माझं पोट वाढत कसं नाही! पोटाबरोबर टेपही वाढत होती तर!"

काकू इतक्या हसल्या की पायाखालचं मशीन थांबलं. "अहो, माप घेतलं त्याच टेपने कापड कापलं की झालं. टेप खोटी असली तरी कपडा बसतो. पण तुमचं काम वेगळं. कोरी घ्या."

"कोरी घेतो," साहेब म्हणाले. काकू गळ्यातली टेप खुंटीला अडकवून शिवलेले पडदे पोचवायला बाहेर पडल्या. परत आल्या तेव्हा टेप खुंटीवर रोजच्यासारखी लोंबत होती आणि साहेब पुठ्ठा कापायला बसले होते.

दिवस जात राहिले. स्वयंपाकघर उभं राहिलं. शिवणाच्या खोलीत काडेपेटीएवढं मशीन आलं, काकूंनी चिंधीचा पडदा शिवून दिला. आणि एका रविवारी दुपारी टेबलाचा दुसरा निम्मा भागही साहेबांना देण्यात आला. जेवण मांडीवर ताट घेऊन झालं. साहेबांनी हात धुतले, पुसले, चष्मा पुसला. दोन्ही फळ्या एकमेकींकडे सरकवल्या.

भिंतीला भिंत लागली नाही.

डाव्या अंगाला दोन्ही भाग बरोबर जुळले. उजव्या अंगाला मागचं घर पुढच्यापेक्षा आखूड पडलं, दारात कोणी चोरून उभं राहावं तसं आत राहिलं. साहेबांनी छप्पर ठेवलं. ते मागच्या बाजूला कललं आणि तसंच राहिलं. त्यांनी ते उचललं, फिरवलं, पुन्हा ठेवलं. मग पट्टी लावून फट मोजली.

"चार मिलिमीटर," ते म्हणाले.

"चार म्हणजे काहीच नाही," काकू म्हणाल्या आणि म्हणताक्षणी जीभ चावली. कोणापुढे म्हणतोय आपण हे!

साहेबांनी आकडे पुन्हा मांडले. हिशेब बरोबर. कापलेले तुकडे मोजले. तेही बरोबर, केसाचा फरक नाही. संध्याकाळी काकूंनी चहा पुढे ठेवला तेव्हा ते हात मांडीवर ठेवून नुसते बसले होते.

"हिशेब चुकला असता तर चाललं असतं गं," ते म्हणाले. "हात चुकला असता तरी चाललं असतं, वय झालं म्हटलं असतं. पण सगळं बरोबर आहे आणि घर चूक आहे. म्हणजे चूक मला दिसत नाही अशा ठिकाणी आहे." थोड्या वेळाने म्हणाले, "लेकीला सांग. वेळ घे म्हणावं डॉक्टरची."

जे व्हावं म्हणून काकू महिनोन्महिने जीव टांगून होत्या ते असं चहाच्या कपाशेजारी आयतं येऊन पडलं. त्यांना जरासुद्धा हलकं वाटलं नाही. नवऱ्याच्या त्या मांडीवरच्या हातांत त्यांनी चहाचा कप दिला. त्यांनी लेकीला फोन केला. लेकीने गुरुवारची वेळ घेतली.

बुधवारी सकाळी एका फ्रॉकला लावायला हूक हवे होते म्हणून काकूंनी ड्रॉवर ओढला. हुकांच्या डबीखाली कोरी टेप होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत, गुंडाळी तशीच, वरचं रबरही तसंच. कोणी हात लावला नव्हता.

काकू डबी हातात धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी खुंटीवरची टेप काढली, कोरी उघडली आणि दोन्ही कापायच्या टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या. कोरीचं साठ संपलं तिथे जुनी अजून एकोणसाठवरच होती. उरलेलं गणित मिलिमीटरच्या बायकोला मनातल्या मनात जमलं. भिंत वीस फुटांची, चूक चार इंचांची, छोट्या घरात इंचाचा सहावा भाग, म्हणजे चार मिलिमीटर.

सांगितलं नाही तर हा माणूस उद्या डॉक्टरकडे जाईल, पण मान खाली घालून, हरलेला. सांगितलं तर जाणारच नाही. काकूंनी मशीनच्या चाकावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. शेवटी दोन्ही टेपा घेऊन त्या पुढच्या खोलीत गेल्या. हिशेब बरोबर असताना नवऱ्याने स्वतःलाच चूक मानावं, हे काही त्यांना बघवेना.

साहेबांनी टेपा पाहिल्या. बोटाने आकडे जुळवले. आणि काकूंच्या डोळ्यांदेखत तो माणूस पाच वर्षांनी तरुण झाला.

"टेप! अगं, टेप खोटी! मी नाही! बघ, बघ इथे. पुढचा भाग स्टीलच्या टेपचा, मागचा हिचा. मग कसं जुळणार? देवाच्या बापाला जुळलं नसतं!" ते उठले, घराभोवती एक फेरी मारून आले. "लेकीला फोन लाव. उद्याचं रद्द. म्हणावं, तुझ्या बापाचं डोकं मिलिमीटरवर चालतंय अजून."

काकूंनी फोनला हात लावला नाही.

साहेब छप्पर हातात घेऊन हसत होते. मग एकदम थांबले, लटक्या रागाने म्हणाले, "पण तू काय गं? टेप ताणलेली आहे हे तुला माहीत असणार. एका शब्दाने सांगायचं नाही का?"

बाहेर भाजीवाल्याची गाडी थांबली, कोणीतरी टोमॅटोवरून घासाघीस करू लागलं. 'विसरले' एवढं म्हटलं की संपलं होतं. बायको विसरली, त्यात काय मोठंसं! त्या दुपारी मशीनपाशी दोघंच होती, तिसरं कोणी ऐकलं नव्हतं. ते विसरणं काकूंनी आपल्या नावावर घेतलं असतं, तर ते खरं कोणाचं, हे कोणी विचारलं नसतं.

"सांगितलं होतं," काकू म्हणाल्या.

"कधी?"

"तुम्ही टेप मागायला आलात तेव्हा. ड्रॉवरमध्ये कोरी आहे, ती घ्या म्हटलं होतं. तुम्ही घेतो म्हणालात."

साहेबांनी हळूच छप्पर टेबलावर ठेवलं. ते आठवत होते. काकूंना दिसत होतं की ते जीव ओतून आठवत आहेत, अंधाऱ्या खोलीत बटण चाचपडावं तसं. बटण काही सापडलं नाही.

"नुसतं घेतो म्हणालो?"

"आणखीही म्हणालात."

"काय म्हणालो?"

"तरीच म्हटलं, इतकी वर्षं माझं पोट वाढत कसं नाही. पोटाबरोबर टेपही वाढत होती तर."

साहेबांना खरंच हसू आलं, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला येतं तसं. "चांगलं होतं की," ते म्हणाले. "हसलीस का तेव्हा?"

"मशीन थांबलं होतं."

"हं." हसू ओसरलं तरी ते काकूंकडेच पाहत राहिले. "उद्या किती वाजता आहे?"

"अकराला."

"सकाळी परत सांग मला."

काकूंनी मान हलवली.  साहेब खाली वाकून त्या फटीकडे बघू लागले. एका डोळ्याने, पूल तपासावा तसं.

"मागचा भाग तोडावा लागणार," ते म्हणाले. "स्वयंपाकघर, तुझी खोली, सगळं. इतकं होईल का आता माझ्याच्याने, कोण जाणे."

"मागचा नका तोडू. पडदा मी एकदाच शिवलाय, परत शिवणार नाही." काकूंनी कोरी टेप पिशवीत कोंबली आणि जुनी गळ्यात टाकली. "पुढचाच भाग हिने मोजून नव्याने करू."

"म्हणजे अख्खं घर खोट्या मापाचं?" मिलिमीटर हादरलाच.

"बसेल पण."

 साहेबांनी उठून पुढच्या खोलीतली खुर्ची भिंतीपासून ओढली. काकूंनी टेपचं पितळी टोक कोपऱ्यात अंगठ्याने दाबून धरलं, साहेब दुसरं टोक घेऊन भिंतीच्या कडेकडेने सरकत गेले. टेप संपली तिथे काकूंच्या खडूने भिंतीवर खूण केली.

"साठ," ते म्हणाले.

"साठ," काकूंनी मोठ्याने म्हटलं.

"तू कशाला म्हणतेस?"

"असू दे. दोघांपैकी एकाच्या तरी डोक्यात राहील."

 काकू खुणेपर्यंत सरकल्या, टोक दाबून धरलं, आणि साहेब पुढे निघाले.