दुसरी पाकळी

गॅरेजचं मोठं फाटक लोकांनी त्या दिवशी ओढून लावलं, ते लावलेलंच राहिलं. पत्र्याला कमरेच्या उंचीवर आतल्या बाजूने फुगवटा आला होता. येणं-जाणं शेजारच्या लहान दारातून चालायचं, आणि त्या दाराने येणारा माणूस फाटकाकडे पाहायचं टाळायचा. आई तर शेडमधून घरात जाताना पदर उगीचच सारखा करायची, म्हणजे मान खाली राहायची.

फाटकाच्या आत, शेडमध्ये, गेंडा उभा होता. दगड-विटा वाहायची जाडजूड पिकअप. नाव बाबांनीच ठेवलेलं. "हा गेंडा वळत नाही, ऐकत नाही, पण पोट भरतो," असं म्हणायचे. गल्ली फाटकाकडे उतरती होती. बाबा विटा भरून आले, फाटकासमोर थांबले, हँडब्रेक ओढला आणि इंजिन चालू ठेवून फाटक उघडायला खाली उतरले. इंजिन बंद करून गाडी गियरमध्ये ठेवायला हवी होती. पण मागच्या ब्रेकचं काम नुकतंच झालेलं, त्यामुळे त्यांनी हँडब्रेकवर भरवसा ठेवला. कडीला हात लावेपर्यंत गेंडा सुटला होता, आणि बाबा मध्ये सापडले.

मुंगी परगावी नोकरीला होती. ती पोचली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मुंगी हे बाबांचंच दिलेलं नाव. लहानपणी तिची बोटं इंजिनाच्या कुठल्याही फटीत शिरायची आणि पडलेला वॉशर घेऊन बाहेर यायची. आता ती बोटं इतरांसारखीच झाली होती, नाव मात्र राहिलं.

चूक कुणाची हे तिला गल्लीत शिरतानाच कळलं. गाडीखाली वाकून बघणाऱ्या कुणीतरी विचारलं होतं, "डाव्या चाकातून तेल गळतंय. मागचं काम कुणी केलं होतं?" सगळ्यांच्या देखत काका म्हणाला होता, "मी. दादाचा खांदा दुखत होता. दोन्ही बाजू मीच केल्या." आई तिथेच बसली होती. ती उठली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने धाकट्या दिराला निरोप धाडला, की या दारात पाऊल टाकू नका.

आणि काका खरंच आला नाही. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा तेवढा. सकाळी यायचा, ऊन अंगावर आलं की सरकायचा. बिनलग्नाचा माणूस, सगळं आयुष्य या शेडमध्ये गेलं. दुसरीकडे जाणार कुठे? मुंगी त्याच्यासमोरून जायची आणि बघायची नाही. याच माणसाने तिला खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं. त्याचाच तिला जास्त राग यायचा.

"विकून टाक तो गेंडा," आई म्हणाली.

"अशी कशी विकू? हँडब्रेक धरत नाही. उद्या दुसऱ्या कुणाचा..." मुंगीने वाक्य अर्धवट सोडलं.

आई तांदूळ निवडत होती. ताटातला खडा तिने बोटाने कडेला सारला, मग आणखी कडेला. "मग कर नीट. तुला येतं. त्यांना मात्र बोलवायचं नाही."

मुंगीने मापं लिहून ओळखीच्या दुकानात चिठ्ठी पाठवली. सामान आलं ते काकाच्या हातून. लहान दारावर टकटक झाली, उघडलं तर काका खोकी छातीशी धरून उभा. उंबऱ्याच्या बाहेर, अगदी मोजून बाहेर.

"दुकानदार म्हणाला, तिकडेच जातोयस तर घेऊन जा. सील, बेअरिंग, लायनर. दोन्ही बाजूंचं आहे."

"ठेव तिथे."

त्याने खोकी खाली ठेवली, पण गेला नाही. "पोरी, डावी बाजू उघडू नकोस. अख्खी गाडी भंगारात दे. मी माणूस बघतो."

"का? तुझं काम दिसेल म्हणून?"

काकाने गालावरून हात फिरवला. "हो," म्हणाला. "म्हणूनच."

तिने दार लावून घेतलं. ओठ चावत होती, आणि तिला कळत होतं की या क्षणी ती लहान मुलीसारखी दिसत असणार.

तिने पुढच्या चाकांना दगड लावले, गेंड्याचं मागचं धूड जॅकने उचललं, अॅक्सलखाली लोखंडी घोड्या सरकवल्या आणि गाडी हलवून बघितली. बाबांची शिस्त: आधी हलवायची, मग खाली शिरायचं. मागचं डावं चाक काढल्यावर मधल्या झाकणाचे बोल्ट सोडले. लांब शाफ्ट ओढताच त्याच्या मागोमाग जुनं तेल काळ्या दोरीसारखं परातीत उतरलं. तो वास आला आणि तिला थांबावं लागलं. बाबा जेवायला बसायचे तेव्हा साबणाने कितीही हात धुतले तरी हाच वास यायचा.

शाफ्ट निघाला की आत बेअरिंग धरून ठेवणारा मोठा नट दिसतो. तो नट फिरून सैल होऊ नये म्हणून त्याच्यामागे पत्र्याची एक चकती असते. तिला फुलासारख्या पाकळ्या असतात. नट हवा तेवढा आवळला की एक पाकळी छिन्नीने नटावर वाकवायची, म्हणजे नट जागचा हलत नाही. एक पुरते. काका एकच वाकवायचा. बाबा दोन वाकवायचे, समोरासमोर. "पहिली नियमाची," असं म्हणत छिन्नीवर हातोडी मारायचे, "आणि दुसरी हिच्या आईची. संध्याकाळी घरी जायचंय मला." त्यावर काका पलीकडच्या चाकापाशी बसून ओरडायचा, "आम्हाला नाही बाबा कुणी वाट बघणारं, आमची एकच!" डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची. दोघांनी एकमेकांच्या बाजूच्या नटाला कधी पाना लावला नाही. फक्त ब्रेकवर बसणारा जड लोखंडी ड्रम चढवताना एकाने दुसऱ्याकडे जायचं. एकाने वजन पेलायचं, दुसऱ्याने आत बघायचं.

मुंगीने चिंधीने नट पुसला आणि बॅटरी जवळ नेली.

दोन पाकळ्या वाकलेल्या होत्या. समोरासमोर.

तिने दोन्हींवरून बोट फिरवलं. मग तिने पाकळ्या सरळ केल्या, नट सोडला आणि ड्रम सगळ्या ताकदीने ओढून खाली ठेवला. आतले लायनर, म्हणजे ब्रेकच्या पट्ट्या, तेलात भिजून काळे चिकट झाले होते. नखाने खरवडलं तर नखात तेल भरलं. असल्या ब्रेकने भरलेला गेंडा उतारावर काय धरणार? तिने ड्रम उलटा केला. मागच्या तोंडाशी रबरी सील होतं, नवंकोरं. त्याची नाजूक कड एका बाजूला आत दुमडली गेली होती. ते मऊ रबर शाफ्टभोवतीच्या नळीला अलगद बिलगायला हवं, तेव्हा तेल आत राहतं. ड्रम चढवताना वाकडा झाला, त्याचा भार क्षणभर जरी त्या कडेवर आला, तरी कड दुमडते. बाहेरून काही दिसत नाही. तेल मात्र हळूहळू वाट काढतं.

म्हणजे काकाने खोटं सांगितलं होतं. काम बाबांचंच होतं. दुखऱ्या खांद्याने एकट्याने ड्रम चढवायला गेले असणार आणि तो हातातून कलला असणार. मुंगीला वाटलं होतं, खरं कळलं की छातीवरचा दगड उतरेल. उलट तो आता नीट बसला. बाबा स्वतःच्या हाताने गेले होते, आणि ज्याने ते स्वतःवर घेतलं तो पायरीवर ऊन खात बसला होता.

तिने काम थांबवलं नाही. थांबली असती तर परत उठता आलं नसतं. जुन्या बेअरिंगच्या कड्या ठोकून काढल्या, सगळं रॉकेलने धुतलं, नळीवरून बोट फिरवून कुठे चर नाही ना ते पाहिलं. नव्या बेअरिंगमध्ये तळहाताने ग्रीस भरलं. नवीन सील लाकडी ठोकळ्याने चहूकडून सारखं ठोकून बसवलं, कडेला बोटाने ग्रीस लावलं. नवे लायनर चढवले, स्प्रिंगा अडकवल्या. आता राहिला ड्रम. तो दोन माणसांचा.

ती दारात उभी राहून म्हणाली, "आई, जरा येतेस? ड्रम धरायला कुणीतरी हवंय."

आई आली. शेडमध्ये पाय टाकताना तिने मान वर केली नाही. "मी तुला सांगते कुठे धरायचं ते," असं मुंगी म्हणणार, तेवढ्यात आईने कोपऱ्यातलं पोतं उचललं, दोन घड्या घातल्या, उजवा गुडघा टेकून डाव्या गुडघ्यावर ते पोतं ठेवलं आणि हात पुढे केले. एक तळवा खाली, मधोमध. दुसरा बाजूने, बोटं कडेपासून लांब.

"हं. दे गुडघ्यावर."

मुंगी ड्रम धरून तशीच उभी राहिली. हे बसणं घरातल्या बाईला माहीत असण्याचं नव्हतं. कुणीतरी शिकवल्याशिवाय बोटं कडेपासून लांब राहत नाहीत.

"आई."

"दे म्हणते ना. जड आहे तो."

तिने ड्रम आईच्या गुडघ्यावर टेकवला. दोघींनी मिळून तो नळीच्या तोंडाशी आणला. आईच्या हातात ड्रम जराही हलला नाही.

"काका दाढ काढायला गेले होते," आई चाकाच्या पोकळीत बघत बोलली. "म्हणाले होते, दादा थांब, दुपारी येतो. विटेवाल्याचा माणूस तगादा लावून बसला होता. तुझे बाबा म्हणाले, तू ये गं, काय कणीक मळण्याएवढंच आहे. मी आले. मला सगळं दाखवलं त्यांनी. पोतं, गुडघा. चेष्टाही केली, की धाकट्याची नोकरी गेली आता."

"मग?"

"मग काय. हाताला तेल होतं. एवढासा घसरला. एवढासाच. त्यांनी लगेच सावरला. मी म्हटलं, काही झालं का हो? म्हणाले, काही नाही, बसला बघ. दुसऱ्या दिवशी भावाला सांगून पण हसले, तुझ्यापेक्षा तुझी वहिनी बरी."

मुंगीने ड्रम हलकेच पुढे रेटला. नळीवरून ड्रम अलगद आत सरकला, मध्येच न अडता. तिने बेअरिंग बसवलं, नट लावला. आई अजून तशीच गुडघ्यावर होती.

"त्या दिवशी सगळ्यांसमोर कुणीतरी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडाशी आलं होतं," आई म्हणाली. "पण काका आधी बोलले. मी, म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या क्षणापासून मला त्यांचं तोंड बघवत नाही, मुंगे. त्यांनी माझ्यावर पांघरूण घातलं, आणि मी त्यांनाच दाराबाहेर काढलं. आता आत कुठल्या तोंडानं बोलवू?"

नट आवळून झाला होता. मुंगीने छिन्नी लावून एक पाकळी वाकवली. दुसऱ्या पाकळीपाशी तिचा हात थांबला. आईने तिच्या हातातली हातोडी काढून घेतली. दोनदा मारली, पहिला घाव छिन्नीवरून सटकला, दुसरा बसला. पाकळी वाकडीतिकडी, पण वाकली.

मग आई हातोडी तशीच घेऊन उठली. मुंगीला वाटलं घरात जाईल. ती फाटकाकडे गेली. फुगवट्यासमोर थांबली, त्यावर एकदा तळवा ठेवला. कडी गंजून धरली होती. आईने ती ठोकून सोडवली आणि फाटक दोन्ही हातांनी मागे रेटलं. पत्रा इतक्या जोरात किंचाळला की समोरच्या पायरीवर काका दचकून उभा राहिला.

गल्लीत कुणीकुणी थांबलं होतं. आई फाटकात उभी राहून त्या सगळ्यांच्या देखत बोलली, आवाज न चढवता, पण ऐकू जाईल असं.

"भाऊजी, डावी बाजू तुम्ही नव्हती केली. ड्रम माझ्या हातून निसटला होता."

"वहिनी, कशाला..."

"दाढ बरी आहे का?"

काका गोंधळला. "आहे. बरी आहे."

"मग आत या. उजवी बाजू उघडायची राहिली आहे."

तो आला. फाटकापाशी क्षणभर त्याचे पाय अडखळले, मग तो फुगवट्याला अंग न लावता बाजूने आत आला. आपल्या बाजूला जाऊन बसला, हात पुढे केला, आणि मुंगीने विचारल्यावाचून नेमका पाना त्या हातात ठेवला. उन्हं कलेपर्यंत ते काम करत राहिले. उजवीकडचं सील चांगलं निघालं, कोरडं, जसं बसवलं तसं. काकाने ते हातात धरून बराच वेळ बघितलं, आणि तरी बदललं. ड्रम चढवताना आई पोतं घेऊन आली, तेव्हा त्याने नको म्हणून मान हलवली. मग काहीतरी मनात येऊन सरकला आणि तिला जागा दिली.

शेवटी त्याने नट आवळला, पाकळी वाकवली. छिन्नी उचलून दुसऱ्या पाकळीला लावली आणि हातोडी वर केली.

"एकच, भाऊजी," आई म्हणाली. "तुमचं काम तुमचंच दिसू दे."