माझ्या पोटातलं पिवळं

मी शाम्पूची एक बाटली बोलतेय. आवाज जरा दबका वाटेल तुम्हाला, कारण जे सांगायचं आहे ते मान वर करून सांगण्यासारखं नाही. कोणाच्या तरी कानावर घातल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून सांगते.

एके काळी माझ्या अंगावर निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'सौम्य. तेलकट टाळूसाठी. रोज वापरता येईल असा.' आज तिथे दुसरंच काहीतरी लिहिलंय.

माझा जन्म कारखान्यातला. गरम प्लास्टिक साच्यात फुगवलं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मला खांदे, पोट आणि बूड आलं. मग नळीतून माझ्यात पाण्यासारखा शाम्पू भरला, ज्याला ना रंग ना वास. शेजारच्या पट्ट्यावरून गुलाबी, जांभळ्या, फळांच्या वासाच्या बाटल्या तोऱ्यात चालल्या होत्या. झाकणं तपासणारी बाई माझ्याकडे बघून सोबतिणीला म्हणाली, "ह्याला फेससुद्धा बेताचाच गं. कोण घेणार हा?"

"ज्याचं डोकं पोळलंय तो घेईल," सोबतीण म्हणाली.

ते वाक्य मी पदरात बांधून घेतलं. मला वाटायला लागलं, आपण दिसायला साध्या असलो तरी मनाने फार चांगल्या आहोत. आता आठवलं की हसू येतं, आणि लगेच लाजही वाटते.

तिथून मी औषधांच्या एका दुकानात आले. अगदी खालच्या फळीवर, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला तेवढ्या दिसायच्या. गल्ल्यावर मालक बसायचे आणि फळ्यांपाशी काकू असायच्या. काकू तिथे नोकरीला होत्या, पण सगळी गिऱ्हाइकं त्यांनाच शोधत यायची. कोणी विचारलं, "चांगला शाम्पू कुठला हो?" की काकू उलट विचारायच्या, "डोकं कसंय?" मालकांना ही उलटतपासणी मुळीच आवडायची नाही. "काकू, माल द्या, मुलाखत नको," असं ते म्हणायचे.

एका दुपारी एक मुलगी आली. एकोणीस-वीस वर्षांची, केस घट्ट आवळून बांधलेले, आणि तोंडाचा पट्टा सुरू. चष्म्याच्या दुकानात तिला नुकतीच नोकरी लागली होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागे काडी नीट अडकते का ते वाकून बघायचं, हे तिचं काम. आणि तिथेच घोडं अडलं होतं.

"सकाळी धुतले तरी दुपारपर्यंत केस तेलाने चिप्प होतात, काकू. मी वाकले की लोक मागे सरकतात. काल एका आजोबांनी तर डोळेच मिटले. मला सगळ्यात कडक शाम्पू द्या."

"कडक कशाला? तुझं डोकं आहे ते, फरशी नाही." काकूंनी गुडघ्यावर हात ठेवत खाली वाकून मला बाहेर काढलं. "हा घे. फेस कमी येईल, घाबरू नकोस. रोज लाव, पण टाळूला, टोकांना नको. बोटांच्या पेरांनी चोळायचं, नखांनी नाही. आणि भरपूर पाण्याने धुवायचं. महिनाभर धीर धर."

"महिनाभर!"

"डोकं जन्मभर वापरायचंय ना?"

मी तिच्या पिशवीत पडले तेव्हा मनातल्या मनात नाचत होते.

घर दोन खोल्यांचं. न्हाणीघराच्या खिडकीत मला जागा मिळाली, साबणाच्या शेजारी. घरात मुलगी आणि तिची आई, दोघीच. आईने तिचं नाव टिटवी ठेवलं होतं, कारण उठल्यापासून झोपेपर्यंत तिचा आवाज बंद नसे. आई एका मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात भांडी घासायची. माणूस बसेल एवढी पातेली, त्यांच्या तळाला करपलेलं, कडेला तुपाचा थर. तिचे हात मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा दचकलेच. बोटांना भेगा, नखांच्या कडा सोललेल्या, तळवे चिरलेल्या साबणासारखे.

पहिले दहा दिवस मी माझं काम इमानेइतबारे केलं. पण माझं काम दिसत नव्हतं, हीच रड होती. टिटवी मला दाबायची, चोळायची आणि ओरडायची, "आई, ह्याला फेसच येत नाही! पाणी लावतेय का शाम्पू, कळत नाही!"

"काकूंनी दिलाय ना? मग असेल चांगला," आई बाहेरून म्हणायची. पण आवाजात दम नसायचा.

अकराव्या दिवशी टिटवी कामावरून आली ती थेट न्हाणीघरात शिरली. कडी लावली, नळ सोडला आणि बसून राहिली. त्या दिवशी चष्म्याच्या दुकानाच्या बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "उद्यापासून तू मागच्या खोलीत काचा पुसायला बस. समोर जरा नीटनेटकं माणूस हवं." टिटवीचं तोंड त्या दिवशी पहिल्यांदा बंद पडलं. रडली तीसुद्धा आवाज न करता. आई दाराबाहेर उभी होती. दाराखालच्या फटीतून मला तिची पावलं दिसत होती, जागची हलली नाहीत.

दोन दिवसांनी आईची सुट्टी होती आणि टिटवी कामावर गेली होती. आईने पिशवीतून लोणच्याची रिकामी बरणी काढली. रिकामी कसली, तिच्यात पिवळंधमक काहीतरी होतं. रुग्णालयातलं भांडी घासायचं औषध. तिथल्या बाया त्याला नुसतं 'पिवळं' म्हणायच्या. कसलाही चिकटा असो, एका हातात सुटतो अशी त्याची ख्याती. त्याला लिंबाचा जोरदार वास होता.

आईने माझं झाकण उघडलं, माझ्यातला थोडा शाम्पू मोरीत ओतून दिला आणि त्या जागी पिवळं भरलं.

"तेल ते तेल," ती स्वतःशीच पुटपुटली. "पातेल्याचं निघतं, मग पोरीच्या डोक्याचं का नाही निघणार?"

तिने ते आधी आपल्या तळहातावर घासून पाहिलं. काही झालं नाही. होणार कसं? वर्षानुवर्षं रोज त्याच पाण्यात बुडलेले हात ते. तिने मला जोरजोरात हलवलं, पुसलं आणि पुन्हा खिडकीत ठेवलं. माझ्या अंगावरची निळी अक्षरं बरोबर समोर येतील अशी.

मी ओरडू शकत नव्हते, ही सबब मी बरेच दिवस स्वतःला देत आले. पण खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे.

दुसऱ्या दिवशी टिटवीने मला दाबलं आणि काय सांगू! फेसाचा ढग! डोक्यावर मावेना, कानांवरून ओघळायला लागला. केस बोटांखाली कुरकुर वाजायला लागले. "आई! हा बघ फेस! लागू पडला गं! आणि वास किती छान येतोय!" तिने चक्क माझी पापी घेतली.

आणि मला बरं वाटलं. मला ठाऊक होतं की हे कौतुक माझं नाही, पोटातल्या पिवळ्याचं आहे, तरी मी हुरळून गेले. जन्मात पहिल्यांदा कोणी माझी पापी घेतली होती. तीन दिवस मी खिडकीत ऐटीत उभी होते. बाहेरून 'सौम्य', आत पातेल्यांचं औषध, आणि वर तोरा. यासाठी मला कोणी माफ करू नये.

चौथ्या दिवशी तिची टाळू चरचरायला लागली. सहाव्या दिवशी कानामागे लाल चट्टे उठले. मग सालपटं. कामावर घालायच्या काळ्या कोटाच्या खांद्यांवर पांढरा भुगा. ती खाजवायची, आणि मग आणखी स्वच्छ व्हायला मलाच आणखी जोरात दाबायची. मी दर वेळी पोटातलं ओतायचे. दुसरं येतं काय मला?

"बंद कर तो शाम्पू," आई एकदा म्हणाली.

"बंद नाही, परत करणार! चल तू माझ्याबरोबर. त्या काकूंना विचारतेच."

भर गर्दीच्या वेळी टिटवीने मला काउंटरवर आपटलं. "सौम्य म्हणून दिलात ना? बघा माझं डोकं!" तिने केस बाजूला करून दाखवले. रांगेतल्या बायकांनी माना लांब केल्या. मालक गल्ल्यावरून उठले.

"काकू, हे तुम्ही दिलंत?"

"हो, मीच दिला." काकूंनी मला उचललं, झाकण उघडलं, एक थेंब बोटावर घेतला आणि हुंगला. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "ह्याला वास नसतो. ह्यात दुसरं काहीतरी पडलंय."

"म्हणजे मी घातलं? माझ्याच डोक्यावर?" टिटवी कडाडली.

काकू काही बोलणार एवढ्यात त्यांची नजर टिटवीच्या मागे गेली. आई पिशवी छातीशी धरून उभी होती. पिशवीच्या बंदावर ते भेगाळलेले हात. काकूंनी हात पाहिले, मग आईचा चेहरा पाहिला. त्यांना सगळं कळलं. मला ते दिसलं.

आणि त्या गप्प बसल्या.

"झालं ते वाईट झालं," एवढंच त्या टिटवीला म्हणाल्या. "ह्यातला एक थेंबही आता लावू नकोस. साध्या पाण्याने धू आणि उद्याच डॉक्टरांना दाखव."

मालकांनी सगळ्यांदेखत हात जोडून टिटवीची माफी मागितली आणि काकूंना सांगितलं, "आजपासून तुम्ही मागे खोकी लावा. गिऱ्हाइकांना सल्ले बंद. महिनाभर बघतो, मग तुमच्या नोकरीचं ठरवू." काकूंनी अंगावरचा पांढरा कोट काढून घडी केली. आई जमिनीकडे बघत राहिली. मी काउंटरवर उभीच होते, 'सौम्य' ही अक्षरं सगळ्यांकडे करून. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं होऊन गेलं मला.

घरी आल्यावर टिटवीने मला कचऱ्याच्या बादलीत भिरकावलं. "खोटारड्या आहेत त्या काकू. बरं झालं, चांगली अद्दल घडली."

आई पाटावर बसली. मग उठली. मग बादलीपाशी आली आणि तिने मला बाहेर काढलं.

"काकू नाहीत खोटारड्या," ती म्हणाली. "मी आहे."

"काय?"

"मी घातलं ह्यात. आमच्या तिकडचं पिवळं. तू त्या दिवशी रडत होतीस ना, मला बघवलं नाही. मला एवढंच येतं गं, चिकटा काढायचं. दुसरं काय येतं मला?"

 मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. पण टिटवीने आईचा हात ओढला आणि नाकाशी धरला.

"म्हणून," ती म्हणाली. "म्हणून वास ओळखीचा वाटायचा. लहानपणापासून तू घरी आलीस की हाच वास. मला वाटायचं, हा तुझाच वास आहे." आणि मग ती चिडली, खरीखुरी चिडली. "दुकानात का नाही बोललीस? त्या बाईंची नोकरी जाईल ना आई!"

"लाज वाटली."

"मग मलाही वाटतेय आता. मी काय काय बोलले त्यांना!"

 आईने टिटवीचे केस गार पाण्याने धुतले. हात लावायला ती इतकी घाबरत होती की शेवटी टिटवीच म्हणाली, "लाव गं हात. पिवळं चावलं, हात नाही चावत."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाण्याआधी दोघी दुकानात गेल्या. दुकान भरलेलं होतं. आईला थांबता आलं असतं गर्दी ओसरेपर्यंत, पण ती थांबली नाही. मला काउंटरवर ठेवून तिने मालकांना सांगितलं, "ह्यात मी भांड्यांचं औषध घातलं होतं. काकूंनी दिलेला माल चोख होता. काल त्यांना कळलं होतं, तरी माझी अब्रू जाऊ नये म्हणून त्या बोलल्या नाहीत." आवाज कापत होता, पण रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला. या वेळी तिने पिशवी छातीशी धरली नव्हती; हात उघडे काउंटरवर ठेवले होते.

मालक खोकले, चष्मा पुसायला लागले. मग मागच्या खोलीकडे बघून म्हणाले, "काकू, कोट घाला. गिऱ्हाईक खोळंबलंय."

टिटवी काकूंच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी तिला अर्ध्यावरच धरलं. तिचं डोकं उजेडात तपासलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर हो म्हणाले की मग तोच शाम्पू. आणि या खेपेला महिना म्हणजे महिना." मग त्यांनी आईकडे पाहिलं. "तुम्हाला रबरी हातमोजे देते. आणि तुम्हीही डॉक्टरांना हात दाखवा. मुलीच्या डोक्याची एवढी काळजी, आणि हे काय?"

आता मी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात असते, मोठ्या मोरीच्या कठड्यावर. माझ्यावरचा जुना कागद आईने पाण्यात भिजवून खरवडून काढला. त्या जागी टिटवीने जाड अक्षरांत लिहिलंय, 'पातेल्यांसाठी. अंगाला लावू नये.' पोटात पिवळंच आहे, पण आता ते वाचून कळतं. डोकं बरं झाल्यावर टिटवी काचा पुसायच्या खोलीतून पुन्हा समोर आली, असं आई सोबतिणींना सांगत होती. केस अजून संध्याकाळपर्यंत तेलकट होतातच म्हणे. गिऱ्हाइकापुढे ती आता मान वर करून वाकते, एवढंच.

तुमच्या न्हाणीघराच्या खिडकीत माझी कोणी बहीण उभी असेल, तर एक विनंती आहे. तिचं काम दिसत नाही म्हणून तिला जोर आणायला जाऊ नका. आणि तिच्यात काही घातलंच असेल, तर ज्याच्या डोक्यावर ते पडणार आहे त्याला आजच सांगा.

मोठं पातेलं आलं की आई माझ्याकडे वळते. मला उचलण्याआधी ती न चुकता हातमोजे घालते, मनगटापर्यंत ओढून. मला त्याचं वाईट वाटत नाही. घालायलाच हवेत.