लाल वायर

“पडद्यावरची असो का चौकातली, बाई कोणाच्या तरी घरची असते. हसायच्या आधी इचारून तं घ्या, कोणाची आहे ते.”

सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, तेही शेंगदाणे निवडता निवडता, मान वर न करता. मी हसले. म्हटलं, “आई, पिक्चर आहे तो. पिक्चरवर नाही हसायचं तर कशावर हसायचं या दिवसांत?”

दारव्ह्याला आमचं सीडीचं दुकान होतं. पियूष, माझा नवरा, लग्नांची शूटिंगही करायचा. पण त्या वर्षी कापूस घराघरात पडून होता. दिवाळीनंतरची लग्नं उन्हाळ्यावर गेली, उन्हाळ्याची पुढच्या वर्षावर. पेपर उघडला की पहिल्या पानावर आपल्याच भागातल्या गावांची नावं, आणि ती कशासाठी छापलीत ते वाचायच्या आधीच कळायचं. कॅमेरा कपाटात, कॉम्प्युटर रिकामा. मग पियूषने हा खेळ काढला.

आपटलेला, पेपरवाल्यांनी धुऊन काढलेला पिक्चर घ्यायचा. त्याला काळा डबा, सोनेरी किनार, वर ‘श्रेष्ठ संग्रह’ असं ठसठशीत नाव, जणू परदेशातल्या महोत्सवातून आणलेला ठेवाच. डब्याच्या मागे जाणकाराचा लेख. जाणकार म्हणजे मी. मराठीत एम.ए. केलेलं तिथं कामी आलं. मोटरसायकल खांद्यावर घेऊन तलाव पोहणाऱ्या हिरोवर मी लिहिलं होतं, ‘हा नायक आधुनिक माणसाचं एकाकी ओझं वाहतो.’ कॉलेजच्या पोरांना ते वाक्य पाठ होतं.

खरी गंमत मात्र पियूषच्या टिप्पणीत. व्हीसीडीत आवाजाच्या दोन बाजू असतात. डावीकडे त्याने मूळ पिक्चर ठेवला आणि उजवीकडे स्वतःची वऱ्हाडी बडबड. टीव्हीला पांढरी वायर लावली की पिक्चर ऐकू यायचा, लाल लावली की पियूष. पोरं लाल लावून पोट दुखेस्तोवर हसायची. आमच्या भिंतीपलीकडे कोणीतरी हसतंय, हेच मला तेव्हा खूप वाटायचं.

त्यातच ‘बोंडराणी’चा नंबर लागला. बोरी अरबचे नीळकंठ सर, चित्रकलेचे निवृत्त मास्तर. त्यांनी स्वतः लिहून, स्वतः शूट करून हा पिक्चर काढलेला. कपाशीच्या बोंडातून एक राणी बाहेर येते आणि गावोगाव फिरते. ‘बोंड फुटायच्या आधीच थेटर रिकामं,’ असं पेपरात आलं होतं. राणीचं काम करणाऱ्या बाईचं नाव पडद्यावर नुसतं ‘भैरवी’. आम्हाला वाटलं, नागपूरच्या एखाद्या नाटक मंडळीतली असेल. ती जरा वाकून, पोटावर हात धरून चालायची. पियूषने सगळी टिप्पणी त्यावरच रचली.

“पाहा भाऊ, राणीबाईच्या पोटात सरकी अडकून राह्यली! पुन्हा धरलं पोट! अरे, सरकी काढायले जिनिंगमध्ये न्या हिले कोणी!”

मी हसले होते. लेखही तसाच लिहिला, जड जड शब्दांचा. फक्त एका ठिकाणी माझा हात थांबला. राणी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, अडखळते, पडता पडता सावरते आणि कॅमेऱ्याकडे पाहून एकदम हसते. मी लिहिलं, ‘या एका हसण्यासाठी हा चित्रपट जपून ठेवावा.’ ते वाक्य गमतीचं नव्हतं.

काही दिवसांनी नीळकंठ सर दुकानात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात आमचाच काळा डबा.

“हे तू लिहिलं, सूनबाई?”

मी मान हलवली.

“मी कॅमेरा बंद करायले विसरलो होतो, म्हणून ते हसणं राह्यलं. रत्नप्रभा नाव तिचं. माझी बायको. भैरवी पडद्यापुरतं ठेवलं होतं. मागच्या साली गेली.”

पियूषच्या हातातली सीडी हातातच राहिली. मीच विचारलं, “घरी कोणत्या वायरवर पाहिलं, सर?”

“आमच्या टीव्हीच्या डब्ब्याले आवाजाचं एकच भोक. पांढरी लावतो, लाल लोंबत राह्यते. काहून?”

“काही नाही.”

“पियूष, वर्षश्राद्धाले पाव्हण्यांले वाटायले आणखी डबे पाह्यजेत. एवढा मान कोणी केला नव्हता तिचा.”

पियूषने टिप्पणी काढून टाकलेल्या नव्या सीड्या रातोरात करून दिल्या. “तुमचीही बदलून देतो, सर, प्रिंट खराब आहे तिची,” असं तीनतीनदा म्हणाला. सर ऐकेनात. “तो डबा तिच्या फोटोजवळ ठेवला आहे. हळदकुंकू वाह्यलं त्याले. आता कसा बदलू?”

वर्षश्राद्धाला आम्ही गेलो. मी मुद्दाम टीव्हीजवळ बसले. आमची लेक शाल्मली नुकती रांगायला लागली होती, त्यामुळे घरातल्या प्रत्येक वायरीवर माझे डोळे असायचेच. फोटोजवळचा डबा उतरवला, सीडी लावली, आणि पाहते तर टीव्ही नवा. सरांचा पुतण्या अमर यवतमाळहून घेऊन आला होता.

“काका, याले दोन्ही वायरी लागतात. पाह्यजा आता, कसा आवाज घुमते!”

त्याने लाल वायर उचलली. समोर सगळे पाहुणे, रत्नप्रभाबाईंच्या बहिणी, त्यांची म्हातारी आई. जिला मी वायरीच्या आसपासही फिरकू देत नव्हते, त्या शाल्मलीला मी तिथंच खाली सोडलं. तिने लाल वायर धरली, ओढली आणि तोंडात घातली.

“अरे बाप्पा, पोरीले वायर गोड लागली!” कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

“द्या वहिनी, लावतो पुन्हा,” अमर पुढे झाला.

“राहू दे अमर,” मागून सर म्हणाले. “लाल नाही लावत आपण.”

ते माझ्याकडे पाहत होते.

पिक्चर पांढऱ्या वायरीवर चालला. राणी अडखळली, हसली, तेव्हा म्हातारीने डोळ्याला पदर लावला. पियूष बाहेर अंगणात उभा होता, तो आत आलाच नाही.

जेवणं झाल्यावर मी मागच्या नळावर शाल्मलीचं तोंड धूत होते. सर येऊन उभे राहिले.

“उंदरानं पांढरी वायर कुरतडली होती मधात. नवी आणेपर्यंत लाल लावून पाह्यली.”

नळ तसाच चालू राहिला.

“आवाज चांगला आहे पियूषचा,” ते म्हणाले.

“सर, आम्हाला माहीत नव्हतं हो.”

“माहीत कोणाले होतं? गाठ होती तिच्या पोटात. शूटिंगच्या टायमाले मीबी ओरडलो तिच्यावर. सरळ चाल म्हणलं, राणी आहेस तू. मंग पियूषले काय बोलू मी?” त्यांनी वाकून नळ बंद केला. “ते हसण्याचं लिहिलं ते तरी खरं होतं ना, सूनबाई?”

“खरं होतं.”

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. खोट्या लेखात एकच वाक्य खरं असेल, तर त्यावर कोणी का विश्वास ठेवावा?

त्याच उन्हाळ्यात आम्ही दुकान बंद केलं आणि नागपूरला आलो. पियूष आता एका स्टुडिओत दुसऱ्यांनी शूट केलेली लग्नं कॉम्प्युटरवर जोडत बसतो. घरी फारसा बोलत नाही. सरांना मी फोन लावते. घंटी वाजत राहते. शेवटी त्यांच्या शेजारच्या मैनाबाईंचा नंबर मिळवला.

“टीव्ही चालूच असते वो मास्तरची,” त्या म्हणाल्या. “दिवसभर ती बाई चालते, पडते, हसते. पण आवाज नाही. आवाजाच्या दोन्ही वायरी काढून खुंटीले टांगून ठेवल्या. जेवले का इचारलं तं मुंडी हालवते, हो का नाही काही समजत नाही. मी आता पोरीकडे मुकुटबनले चालली, आपली तब्येत बी ठीक नाही. मंग त्याईच्याकडे कोण पाह्यन?”

शाल्मलीला आठ दिवसांपासून ताप आहे, तिला टाकून निघता येत नाही. पियूष दोनदा बसस्टँडपर्यंत जाऊन परत आला.

म्हणून तुम्हाला सांगते. दारव्ह्याहून यवतमाळकडे जात असाल तर बोरी अरबला उतरा. चित्रकलेच्या मास्तरांचं घर कोणीही दाखवेल, दार नुसतं लोटलेलं असतं. आत जा, जरा बसा. जेवले का ते विचारू नका, चुलीवरचं भांडं उघडून पाहा. आणि निघताना खुंटीवरची पांढरी वायर तेवढी टीव्हीला लावून द्या.