टोक धर म्हटलं

एका हॉटेलच्या धुलाईखात्यात दोन जावा चादरींच्या घड्या घालायच्या. मोठ्या चादरीला चार हात लागतात, त्यामुळे घरी अबोला असला तरी कामावर दोघींना समोरासमोर उभं राहावंच लागे. थोरली तिथं अकरा वर्षं होती, धाकटी येऊन आठच महिने झाले होते. हुकूम थोरलीनं सोडायचे आणि धाकटीनं ऐकायचे, अशी वाटणी आपोआप झाली होती.

थोरली कवयित्री होती. म्हणजे तिचं तसं मत होतं. हॉटेलच्या वार्षिक संमेलनात धुलाईखात्याला मिळणारी पाच मिनिटं दरवर्षी तीच घेई, त्यामुळे ते मत खोडायला कुणी धजत नसे. नभांगण, अंतरंग, क्षितिज असले शब्द ती वहीत जपून ठेवी, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशांसारखे. एरवी तोंडाला लागू देत नसे. साहेब लोक ‘वा’ म्हणत आणि जेवायला उठत.

यंदा मात्र धाकटीनं घोळ घातला. फोनवर रॅप ऐकून ऐकून तिला त्याचा नाद लागला होता. एका दुपारी चादर झटकता झटकता ती सुरू झाली:

टोक धर म्हटलं, टोकायला नाही,
घडी घाल बाई, घडीघडी नाही.
ताण, पण फाडू नको,
भांड, पण ताणू नको.

इस्त्रीवाल्या बायकांचे हात थांबले. मग इस्त्र्या ठेक्यात आपटायला लागल्या. वाळवणीच्या यंत्रापाशी बसणारा म्हातारा, जो पगाराच्या दिवशीही हसत नसे, तोसुद्धा मान डोलवत होता. “यंदा हिलाच पाठवा स्टेजवर,” कुणीतरी म्हणालं, आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षांत तिच्या कवितेला एकही इस्त्री थांबली नव्हती. शाळेत दोनदा नापास झालेल्या जावेवर आपण जळतोय हे तिला कळत होतं, आणि कळत असल्यामुळे ती जास्तच जळत होती.

सुपरवायझरनं सांगितलं की दोघींनी आपापलं कागदावर लिहून द्यावं, निवड तो करील.

“जाऊबाई, मला नाही बाई लिहिता येत,” धाकटी म्हणाली. “तोंडात येतं तेवढंच. तुम्हीच द्या ना उतरवून. तुमचं अक्षर कसं मोत्यासारखं.”

थोरलीनं उतरवून दिलं. एक अक्षर बदललं नाही. बदलायची गरजच नव्हती, कारण कागदावर त्यात काही उरतच नव्हतं. टोक दोनदा, घडी तीनदा, ताण दोनदा. चादर घडी करताना कुणीही असंच बोलतं. तिनं पूर्णविरामसुद्धा जागच्या जागी दिले. स्वतःची कवितासुद्धा तिनं कधी इतक्या मनापासून लिहिली नव्हती.

सुपरवायझरनं चष्मा पुसून वाचलं. “कामाच्या सूचना चांगल्या आहेत,” तो म्हणाला. “भिंतीवर लावू. आणि स्टेजवर नेहमीप्रमाणे थोरल्या बाई.”

त्या दिवशी थोरलीला बिनसाखरेचा चहाही गोड लागला.

दुसऱ्या दिवशी चादर ताणताना धाकटी म्हणाली, “जाऊबाई, तुमच्याकडं जास्त येतेय.”

थोरली खेकसली, “तू टोक धर. टोक धर म्हटलं, टोकायला नाही! आणि घडी घाल बाई, घडीघडी माझ्या तोंडाकडं बघू नको.”

पलीकडून इस्त्र्या आपटल्या. बायका हसत होत्या. थोरलीचे हात चादरीवरच थांबले.

“हे मी म्हणते?”

“मग कोण?” धाकटी म्हणाली. “आठ महिने रोज ऐकतेय. ‘ताण, पण फाडू नको’ तर पहिल्याच दिवशी म्हणालात. ‘भांड, पण ताणू नको’ सासूबाईंसमोर म्हणालात. मी नुसता ठेका धरला. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे.”

थोरलीला ठाऊक नव्हतं. इतके दिवस ती जिच्यावर जळत होती ती तिची तीच निघाली. याचा आनंद व्हावा, तर तोही धड होईना. आपलं बोलणं आपल्याला जन्मात ऐकू आलं नाही आणि या पोरीला आठ महिन्यांत आलं. आता तिला धाकटीच्या कानांचा हेवा वाटायला लागला.

संमेलनात तिनं वही उघडली, नभांगणापर्यंत पोचली आणि थांबली. मग वही मिटून म्हणाली, “टोक धर म्हटलं.” पुढचं सगळं तिनं खेकसावं तसंच म्हटलं. साहेब लोक जेवायला उठायचं विसरले. सगळं सभागृह ठेक्यात टाळ्या वाजवत होतं.

ती खाली उतरताच सुपरवायझर पुढं आला. “कमाल केलीत, थोरल्या बाई. धाकटीचं अगदी हुबेहूब केलंत.”

“अहो, ते त्यांचंच आहे,” धाकटी सांगत राहिली. तो हसला आणि जेवायला गेला.

घरी जाताना धाकटीनं विचारलं, “पुढच्या वर्षी दोघी मिळून करू या?”

“करू,” थोरली म्हणाली. “तू चादर धर. बोलणार मी.”